'माउंट साय'चा 'पायोनियर': मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकेतल्या सिएटलच्या पूर्वेला, नॉर्थ बेंड गावाच्या डोक्यावरच 'माउंट साय' आहे. एका 'लोकल पायोनियर'वरून हे नाव पडलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कोशात प्रणेता, अग्रदूत, आद्यप्रवर्तक हे शब्द मिळतात, पण एकही बसत नाही. तसंच 'माउंट साय पर्वत' म्हणणं बरोबर आहे का?

प्रतिसाद: बसणार नाहीतच. प्रणेता विचाराचा किंवा चळवळीचा असतो. स्त्रीशिक्षणाचे प्रणेते म्हणून आपण फुले दांपत्याचं नाव घेतो. ज्याच्यावरून हे नाव पडलं, त्या जोसाया मेरिटने असं काही सुरू केलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात तो या डोंगराच्या पायथ्याशी घर बांधून राहिला. लोक त्याला 'अंकल साय' म्हणत; जोसायाचंच हे लाडकं, तोडलेलं रूप. म्हणून उच्चार 'सी' नव्हे, 'साय'. अमेरिकेच्या पश्चिम भागात 'पायोनियर' म्हणजे बहुतेकदा असा सुरुवातीचा गोरा वसाहतकरी. मी सरळ 'पायथ्याशी राहणारा जुना वसाहतकरी' असं लिहीन.

आणखी एक प्रतिसाद: 'मूळपुरुष' किंवा 'पांढरी वसवणारा' चालेल का? शब्द अस्सल आहेत.

प्रतिसाद: अस्सल आहेत, पण इथे खोटे ठरतात. मेरिटच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या त्या खोऱ्यात स्नोक्वाल्मी लोक राहत होते आणि आजही आहेत. त्यांच्या कथेत आकाशातून दोर तुटून खाली पडलेल्या चंद्राचा देह म्हणजेच हा डोंगर. त्यामुळे 'आद्य', 'पहिला', 'मूळ' यांतलं काहीही मेरिटला लावू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भाषांतरात एक विशेषण घातलं की एका समाजाचा इतिहास पुसला जातो.

नाव कसं पडलं, हेही वाक्यात दिसायला हवं. जवळचाच माउंट रेनियर घ्या. 1792 मध्ये दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरने आपल्या मित्राचं, ब्रिटिश नौदलातल्या पीटर रेनियरचं, नाव त्याला दिलं आणि रेनियरने तो डोंगर कधी पाहिलाही नाही. तिथे 'नाव दिलं' म्हणावं. सायचं नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यातून आलं, म्हणून 'नाव पडलं'. आपल्या कळसूबाईचं नावही असंच पडलेलं. लोककथेतली कळसू ही मुलगी गावात कामाला होती. तिच्या नावातला 'बाई' शिखरालाही राहिला. मेरिटचा 'अंकल' मात्र नकाशावर गळला.

आता अमेरिकेत एखाद्या जागेला माणसाचं नाव नव्याने द्यायचं तर तो माणूस जाऊन किमान पाच वर्षं व्हावी लागतात आणि त्याचा त्या जागेशी दीर्घ संबंध किंवा मोठं कार्य दाखवावं लागतं.

'माउंट साय पर्वत' ही द्विरुक्ती आहे. 'माउंट साय' पुरे, किंवा 'सायचा डोंगर'. 1,270 मीटर उंचीला 'डोंगर' शोभतो. कळसूबाई 1,646 मीटर आहे. शेजारच्या 'लिटल साय'ला 'धाकटा साय' म्हणायला माझी हरकत नाही, पण पाटीवरचं नाव सापडायला हवं, म्हणून लेखात पहिल्यांदा 'लिटल साय'च ठेवा.