मदत हवी आहे: बोटीच्या इंजिनातून ऑइल गळतंय, घरीच दुरुस्त करायचंय

भीमाकाठ: मामांच्या बोटीचं इंजिन घरी आणलंय, वडगाव बुद्रुकला. ऑइल गळतंय. खाली पुठ्ठा टाकलाय, रोज सकाळी त्यावर डाग. मेकॅनिक म्हणतो मुंबईला पाठवा, तेवढा वेळ नाही. रविवारी पक्षी बघणाऱ्यांचं बुकिंग आहे, म्हणजे शनिवारी इंजिन भिगवणला पोचायलाच हवं. कुठलं सील बदलू आणि पुण्यात कुठे मिळेल, एवढंच सांगा.

सुकाणू: इनबोर्ड की आउटबोर्ड? टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? ऑइल वरून गळतंय की खालून?

नाना_गॅरेज: सील वगैरे भानगडीत पडू नका. गिअर ऑइल नव्वदचं असेल तर १४० भरा. जाड ऑइल गळत नाही. आमच्या ट्रॅक्टरला हेच केलं, अजून चालू आहे. चीर दिसली तर एम-सील लावा.

भीमाकाठ: आउटबोर्डच हो, बोटीला मागे लावतात ते. पंधरा हॉर्सपॉवर. गळतं खालून.

सुकाणू: खालून म्हणजे नेमकं कुठून? टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल न जळता एक्झॉस्टमधून थेंब थेंब येतं, ती गळती नव्हे. फोर-स्ट्रोक असेल आणि चुकीच्या कुशीवर आडवं ठेवलं असेल, तर इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं (sump) ऑइल सिलिंडरकडे जातं. दोन्हींचे उपाय वेगळे.

भीमाकाठ: टू-स्ट्रोक. स्टँडवर उभंच आहे. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मागून गळतंय. काल थोडं बोटावर घेतलं तर दुधाच्या चहासारखं दिसलं.

सुकाणू: हे आधी सांगायला हवं होतं, कारण यातच सगळं आलं. ऑइल दुधाळ म्हणजे गिअरकेसमध्ये, पंख्याजवळच्या गिअरच्या डब्यात, पाणी शिरतंय. जिथून ऑइल बाहेर येतं तिथूनच पाणी आत जातं. असं चालवलं तर बेअरिंग गंजतात आणि गिअर खराब होतात. पंखा काढून शाफ्टला तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळली गेलीय का बघा. उजनीत जाळी भरपूर, तंगूस पंख्यामागे जाते आणि सीलचा ओठ कापते.

पाषाणकर: अवांतर: रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अजून आहेत का तिकडे? पुढच्या आठवड्यात येणार होतो.

नाना_गॅरेज: पाणी शिरलं तरी १४० ने काम भागतं. उगाच खर्चात पाडू नका पोराला.

सुकाणू: नाना, ट्रॅक्टर पाण्यात बुडवून चालवत नाही आपण. फिरत्या शाफ्टवर एम-सील टिकणार नाही, आणि जाड ऑइल बाहेर कमी आलं तरी पाणी आत यायचं थांबत नाही. कंपनीने सांगितलेलंच ग्रेड भरायचं.

नाना_गॅरेज: माझं आयुष्य गेलं यात. पुस्तकं वाचून इंजिनं चालत नाहीत.

इंदापूरची_लेक: प्रश्न इंजिनाचा आहे, तरी लिहिते. मे २०२४ मध्ये उजनीत कळाशी आणि कुगावच्या मध्ये बोट उलटून सहा जण गेले. आमच्याकडे अजून लोक त्यावर बोलतात. बोटीत जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट आहेत ना? वारा सुटला आणि मध्येच इंजिन बंद पडलं तर काय होतं ते ठाऊक आहे. भाऊ, शनिवारचा हट्ट नको. आणि काढलेलं ऑइल गटारात किंवा पाण्यात टाकू नका, सोलापूर उजनीचंच पाणी पितं.

भीमाकाठ: ताई, जॅकेट सगळ्यांना आहेत. ऑइल कॅनमध्ये काढलंय. पंखा उघडला, तंगूस निघाली, शाफ्टभोवती घट्ट बसली होती. आता सील कुठून आणू?

सुकाणू: आधी तपासणी. ऑइल पूर्ण काढलंय ना? मग वरच्या व्हेंट स्क्रूच्या जागी नळी बसवून सायकलच्या पंपाने हवा भरा, दहा पीएसआयच्या आसपास, त्यावर नको. साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट हळूहळू फिरवा. जिथे बुडबुडे तिथे गळती. ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर करडा लगदा असेल तर चालतं, लोखंडाचे तुकडे असतील तर काम थांबवा.

सीलच्या अंगावर मापं कोरलेली असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ती घेऊन नाना पेठेत जा, स्पेअरपार्टच्या दुकानात. जुनं सील सोबत न्या. बहुतेक दोन सील एकामागे एक असतात, कुणाचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो आधीच काढा. शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही तिथे टिकणार नाही.

पेठेतला: नाना पेठेत दुपारी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही. पीएमपीच्या बसने जा.

भीमाकाठ: खाच नाही. चुंबकावर लगदाच आहे. पण बुडबुडे दोन ठिकाणी आले, पंख्याच्या शाफ्टला आणि वर गिअर बदलायच्या दांड्यालाही. आता?

नाना_गॅरेज: दांड्याचं सील हे मला सुचलं नव्हतं. तिथे पाणी जाणारच. तेही बदला.

सुकाणू: बरोबर. म्हणजे खालचा भाग पूर्ण उतरवावा लागेल. उतरवलाच आहे तर पाण्याच्या पंपाचं रबरी इंपेलरही बघून घ्या, पाती वाकलेली असतील तर बदला. ड्रेन आणि व्हेंटचे वॉशर जुने परत लावू नका. ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा, नंतर खालची नळी काढून तिथला. उलट केलंत तर भरलेलं ऑइल वाहून जाईल.

चालू करून बघायचं तर पिंपात. पाणी खेचायची जाळी पूर्ण बुडायला हवी, कोरडं चालवलं तर इंपेलर लगेच जळतं. पिंपात चालवताना पंखा काढून ठेवा. रात्रभर तसंच उभं ठेवा आणि सकाळी खालचा स्क्रू जरासा सैल करून पहिला थेंब बघा. दुधाळ किंवा पाण्याचा आला तर रविवारचं बुकिंग रद्द करा.

भीमाकाठ: शाफ्टची दोन्ही सील मिळाली. दांड्याचं छोटं मिळत नाहीये. भोसरीत हायड्रॉलिक सीलवाले आहेत असं दुकानदार म्हणाला, उद्या सकाळी तिकडे जातो. बुकिंगवाल्यांना आत्ताच फोन करून पुढचा रविवार दिलाय.

पाषाणकर: मग पुढच्या रविवारी दोन जागा असतील का? व्यक्तिगत निरोप केलाय.