वर्षाला दोन प्रस्तावांची सक्ती आधी, की आलेला पैसा सांभाळणारी व्यवस्था आधी?

हिंगणारोड_मेकॅनिकल

नागपुरातल्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजात मी १४ वर्षं शिकवतोय. यंदा परिपत्रक निघालं: प्रत्येक प्राध्यापकाने निधी देणाऱ्या संस्थांकडे वर्षाला किमान दोन संशोधन प्रस्ताव पाठवायचे आणि त्याची नोंद वार्षिक मूल्यमापनात होणार. माझा या सक्तीला विरोध आहे. प्रस्ताव लिहायला नाही, सक्तीला. कारण मंजूर झालेला पैसा सांभाळायला आमच्याकडे माणूसच नाही, आणि त्याची किंमत मी एकदा मोजली आहे.

२०२१ च्या शेवटी माझा प्रकल्प मंजूर झाला. तीन वर्षं, सुमारे १८ लाख. विषय इथलाच होता. कोळसा भरडणाऱ्या क्रशरचे हातोडे लवकर का झिजतात आणि कोणत्या पोलादाचे जास्त टिकतील. त्यासाठी पिन-ऑन-डिस्क यंत्र, म्हणजे फिरत्या चकतीवर नमुना घासून झीज मोजणारं यंत्र, घ्यायचं होतं. फेब्रुवारी २०२२ चं कोटेशन ९ लाख ८० हजारांचं. कॉलेजची डीएसआयआर (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) नोंदणी असल्याने संशोधन उपकरणांवर तेव्हा ५ टक्केच जीएसटी लागायचा. खरेदी समितीची बैठक मार्चमध्ये ठरली, मग परीक्षांमुळे पुढे गेली, मग व्यवस्थापनाचे सदस्य बाहेरगावी, मग प्रवेशाची धावपळ. ती झाली ऑगस्टमध्ये. मधल्या काळात १८ जुलै २०२२ पासून केंद्राने ती सवलत काढून घेतली होती आणि कर १८ टक्क्यांवर गेला होता. फरक १ लाख २७ हजार ४०० रुपये. निधी देणारी संस्था वाढीव कर देत नाही. परवानगी मागून ती रक्कम नमुन्यांसाठीच्या पैशातून वळवावी लागली, म्हणजे यंत्र आलं आणि त्यावर घासायला पोलादाचे तुकडे घ्यायला पैसे उरले नाहीत.

पुढचं त्याहून वाईट. दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय येत नाही. आमच्या लेखा विभागातला एकच माणूस फी, शिष्यवृत्ती, पगार, भविष्य निर्वाह निधी सगळं बघतो. त्याला या प्रमाणपत्राचा जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ हा नमुना पहिल्यांदाच भरायचा होता. प्रमाणपत्र दोनदा परत आलं. तोवर माझ्या संशोधन सहायकाला सात महिने छात्रवृत्ती नाही. आठव्या महिन्यात तो पुण्याला नोकरीवर गेला. जाताना टेबलावर त्याची नोंदवही ठेवली, ४१ चाचण्यांचे आकडे अगदी सुवाच्य अक्षरात. ४२ व्या चाचणीचा रकाना त्याने आखून ठेवला होता. तो अजून रिकामा आहे.

म्हणून मी म्हणतो, आधी एक पूर्णवेळ, प्रशिक्षित माणूस प्रकल्प कक्षात बसवा. हप्ता उशिरा आला तर मुलांची छात्रवृत्ती देता येईल एवढा फिरता निधी ठेवा. मग हवे तेवढे प्रस्ताव मागा.

निवृत्त_विभागप्रमुख

सर, तुमच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

व्यवस्था कधीच आधी येत नसते. तुमच्या प्राचार्यांपुढे उद्या फाईल ठेवली की प्रकल्प कक्षाला माणूस द्या, तर पहिला प्रश्न येईल, प्रकल्प किती आहेत? एक. मग कोण देईल माणूस? आमच्या विभागाचा पहिला प्रस्ताव एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मॉडरॉब्स योजनेतला होता, जुनाट प्रयोगशाळा नवी करण्यासाठी. दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा मंजूर झाला तेव्हा हिशोब ठेवायला मी स्वतः रात्री बसायचो. चौथा प्रकल्प आल्यावर कुठे आम्हाला अर्धवेळ लिपिक मिळाला.

आणि सक्तीबद्दल. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित कॉलेजं निघाली, ती फीवर चालली, आणि शिकवणं म्हणजेच सगळं काम अशी सवय आपल्याला लागली. ही सवय आपोआप सुटत नाही. मी विभागप्रमुख असताना विनंत्या करून पाहिल्या, कोणी लिहीत नसे. लिहा म्हणून नियम केला तेव्हा सहा जणांनी लिहिलं. त्यातल्या चार जणांचे प्रस्ताव कच्चे होते, पण साहित्य वाचणं, खर्चाचा अंदाज बांधणं, तज्ज्ञांचे ताशेरे सहन करणं हे ते त्यातूनच शिकले.

याच शहरात कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) उभी राहिली, आणि २०२३ मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्या दात्याने आधी संस्था दाखवा, मग पैसे देतो असं म्हटलं नव्हतं. पैसा आला, मग संस्था आली.

खतावणी

मी एका कॉलेजच्या लेखा विभागात ११ वर्षं आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते. दोघेही सर रागावू नका.

प्रमाणपत्रं परत येतात त्यातल्या निम्म्या वेळा चूक आमची असते आणि निम्म्या वेळा प्राध्यापकांची. प्रस्तावात मनुष्यबळ, नमुने व रसायनं, प्रवास, किरकोळ असे वेगळे रकाने असतात. सर मंडळी प्रवासातून लॅपटॉपची बॅग घेतात, रसायनांतून प्रिंटरचं टोनर. बिल माझ्याकडे मार्चमध्ये येतं. मी नाही म्हटलं की "मॅडम, अडवू नका." पण ऑडिटर मला विचारतो, सरांना नाही.

दुसरी गोष्ट व्याजाची. अनुदान बचत खात्यात पडून राहिलं की व्याज जमा होतं. २०१७ च्या जीएफआरमधल्या नियम २३० प्रमाणे ते व्याज संस्थेचं नाही, भारताच्या संचित निधीत परत भरायचं असतं. भारतकोष या सरकारी भरणा संकेतस्थळावर चलन करून त्याची पावती प्रमाणपत्राला जोडावी लागते. हे बहुतेकांना माहीत नसतं. आमचं एक प्रमाणपत्र ३,१०६ रुपयांच्या व्याजासाठी चार महिने अडकलं होतं. हिंगणारोड सर, तुमचंही यातच अडकलं असावं, एकदा तपासा.

आणि ३१ मार्च. एका वर्षी शेवटचं पेमेंट मंजूर करायचा डोंगल (डिजिटल सहीची यूएसबी किल्ली) ज्या अधिकाऱ्यांच्या नावावर, ते भाचीच्या लग्नाला यवतमाळला. मी आणि शिपाईदादा संध्याकाळी सहापर्यंत पीएफएमएसचा, म्हणजे सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीचा, पडदा बघत बसलो. शेवटी त्यांनी तिथून माणसाबरोबर डोंगल पाठवला, तो रात्री पावणेदहाला पोचला. पैसे गेले, म्हणून आज सांगते आहे. गेले नसते तर प्रकल्पाचे दोन लाख परत गेले असते.

म्हणून माणूस हवाच, यात मी हिंगणारोड सरांच्या बाजूने आहे. पण तो फक्त लेखा शिकलेला नको. त्याने प्रस्ताव पाठवायच्या आधी अंदाजपत्रक वाचलं पाहिजे. दुरुस्ती तिथे सोपी असते, मंजुरीनंतर प्रत्येक बदलाला पत्रव्यवहार.

एमआयडीसी_गिअरवाला

सर लोक, माझा थोडा वेगळा मुद्दा आहे. तुम्ही दिल्लीच्या पैशासाठी भांडून राहिले, आणि इथं हिंगण्यात माझं छोटं वर्कशॉप आहे, गिअर बनवतो. दातांची कठीणता आणि आतली रचना तपासायला मी नमुने पुण्याला पाठवतो. रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर माल पडून. माझ्यापासून चार किलोमीटरवर कॉलेजच्या लॅबमध्ये तेच मायक्रोस्कोप आहे. मी गेलो होतो विचारायला. दरपत्रक नाही, पावती कोण देणार माहीत नाही, एनएबीएल (प्रयोगशाळांना अधिकृत दर्जा देणारं मंडळ) मान्यता नाही. परत आलो.

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर इथली कामं घ्या ना. हप्त्याची वाट पाहावी लागत नाही, काम झालं की पैसे. त्यातून तुमचा तो माणूस पोसला जाईल.

निवृत्त_विभागप्रमुख

दादा, तुमचा मुद्दा मोलाचा आहे आणि दरपत्रक नसणं ही आमचीच चूक. पण तपासणी म्हणजे संशोधन नव्हे. गिअरची कठीणता मोजून दिली की काम संपलं. तो दात का तुटतो हे शोधायला तीन वर्षं आणि एक पूर्णवेळ मुलगा लागतो. एवढा पैसा वर्कशॉप देऊ शकत नाही, देऊही नये.

माजी_जेआरएफ

मी हिंगणारोड सरांचा विद्यार्थी नाही, पण माझीही गोष्ट तीच आहे, म्हणून लिहितो.

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) महिन्याची रक्कम ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, वर घरभाडं. घरी मिठाई वाटली. प्रत्यक्षात त्या वर्षी मला पाच महिने एकही रुपया मिळाला नाही. प्रतापनगरला खोली होती, मालक चांगले म्हणून थांबले. मेसवाल्या काकू म्हणायच्या, "बेटा, आलं की दे." बाबा गोंदियाहून पैसे पाठवायचे आणि फोनवर विचारायचे, "सरकारी आहे ना रे हे?" ते उत्तर मला देता आलं नाही. पुढे थकबाकी एकदम मिळाली, पण त्या पाच महिन्यांत मी संशोधनाचा विचार किती केला आणि उधारीचा किती, हे मलाच ठाऊक आहे.

निवृत्त सर, तुम्ही रात्री बसून हिशोब ठेवलेत, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तुमचा पगार तेव्हा चालू होता. व्यवस्था नंतर येईल असं जेव्हा म्हणता, तेव्हा मधल्या काळाचा भार आमच्यासारख्या मुलांवर पडतो.

हिंगणारोड_मेकॅनिकल

खतावणी मॅडम, तपासलं. दुसऱ्यांदा परत आलं ते व्याजामुळेच. रक्कम होती १,८७२ रुपये. आम्हाला आलेल्या पत्रात "त्रुटी दूर करावी" एवढंच होतं आणि आम्ही तीन आठवडे खर्चाच्या बेरजा तपासत बसलो. तुमच्यासारखं कोणी शेजारच्या खोलीत असतं तर तो मुलगा गेला नसता.

गिअरवाले दादा, पुढच्या सोमवारी या. दरपत्रक नसलं तरी विभागप्रमुखांशी तुमची भेट घालून देतो.

निवृत्त सर, कक्षासाठी पैसा कुठून हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण प्रकल्पासोबत संस्थेला ओव्हरहेड, म्हणजे व्यवस्थापन खर्चाची वेगळी रक्कम, मिळतो, तो याच कामासाठी असतो. आमच्याकडे तो सामान्य खात्यात गेला, त्याचं काय झालं कोणी सांगत नाही. शहरातली चार कॉलेजं मिळूनही एक माणूस ठेवू शकतात.

निवृत्त_विभागप्रमुख

या मुलाचं वाचून रात्री झोप लागली नाही. छात्रवृत्तीबाबत मी माझं म्हणणं मागे घेतो. फिरता निधी नसलेल्या कॉलेजने सहायक नेमूच नये. संस्थेने आधी स्वतःच्या खिशातून द्यावं, हप्ता आला की वळतं करून घ्यावं. सहा महिन्यांची, एका मुलाची रक्कम घरभाडं धरून तीन लाखांच्या आत बसते. एवढे पैसे वार्षिक स्नेहसंमेलनावर जातात.

सक्तीबाबत मात्र मी ठाम आहे. दोन नको, एक ठेवा, पण ठेवा. सर्बने (संशोधनाला निधी देणारं केंद्राचं मंडळ) टेअर योजना आणली होती, त्यात आपल्या कॉलेजातली नोकरी सांभाळून मोठ्या संस्थेत संशोधन करता येत असे. व्हीएनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) आणि नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आपल्या शहरातच आहेत. मी किती जणांच्या मागे लागलो, एकानेही अर्ज केला नाही. आता सर्बच्या जागी एएनआरएफ (अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान) आलं आहे. कायदा २०२३ चा, अंमल ५ फेब्रुवारी २०२४ पासून, आणि पाच वर्षांसाठी ५० हजार कोटींचा अंदाज मांडला आहे. हा पैसा आयआयटीवाल्यांकडेच जातो अशी तक्रार आपण करतो. दारातच न जाणाऱ्याला कोण देईल?

हिंगणारोड_मेकॅनिकल

सर, एकाची सक्तीही मला मान्य नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे मुदतीच्या आदल्या रात्री तीन प्रस्ताव एकाच मजकुरावरून बदलून गेले. नाकारले गेले, आणि कॉलेजचं नाव त्या तज्ज्ञांच्या लक्षात राहिलं असणार. ज्याला लिहायचंय त्याचे आठवड्याचे चार तास कमी करा, तो आपणहून लिहील. १८ तास शिकवून, प्रवेशाच्या काउंटरवर बसून कोणी चांगला प्रश्न शोधू शकत नाही.

पण तीन लाखांचा आकडा तुम्ही दिलात ते बरं झालं. गुरुवारी शैक्षणिक परिषद आहे. सहा महिन्यांचा फिरता निधी आणि ओव्हरहेडचं वेगळं खातं, एवढे दोनच विषय मांडणार आहे. खतावणी मॅडम, प्रस्ताव पाठवण्याआधी अंदाजपत्रकात तुम्ही काय काय बघता ते इथे लिहाल का? मी ते छापून सोबत नेईन.

खतावणी

उद्या रविवार आहे, सकाळी लिहिते. पहिली ओळ आत्ताच घ्या: कोटेशनवरची तारीख आणि कराचा दर, दोन्ही लाल पेनाने गोल करा.