'आइनश्पेनर'ला मराठीत काय म्हणाल?

व्हिएन्नातल्या कॉफीघरांवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'मेलांज' सुटला: फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ मिश्रण, कॉफी आणि दूध साधारण निम्मंनिम्मं. 'फरलेंगर्टर' म्हणजे वाढवलेली. ऐन वेळी पाहुणे आले की आपण आमटी वाढवतो, तशी गरम पाणी घालून. अडलेय ती 'आइनश्पेनर'पाशी. काचेच्या पेल्यात काळी कडक कॉफी, वर फेटलेल्या क्रीमचा जाड थर. शब्दाचा मूळ अर्थ एका घोड्याची गाडी. 'टांगा कॉफी' लिहू का?

—

टांगा नको, एक्का घ्या. 'आइन' म्हणजे एक, 'श्पानेन' म्हणजे जुंपणे. एक्क्यात तो 'एक' आयताच येतो. शिवाय व्हिएन्नात दोन घोड्यांची 'फियाकर'ही आहे आणि त्याच नावाची रम घातलेली कॉफीसुद्धा! नुसता टांगा लिहिलात तर हा फरक बुडाला. तिथे सांगतात ते असं, की गाडीवानाच्या एका हातात लगाम, दुसऱ्यात पेला, आणि क्रीमच्या झाकणामुळे कडाक्याच्या थंडीतही कॉफी गरम.

—

एक्का म्हटलं की आमच्या घरी हुकमाचाच आठवतो. मूळ नाव ठेवा, अर्थ एकदाच सांगा. 'अमृततुल्य'चं जर्मन कोणी करायला गेलं तर आपण हसूच ना?

आणि लेखात व्हिएन्नाच्या १६८३च्या वेढ्यानंतर तुर्कांनी मागे टाकलेल्या कॉफीच्या पोत्यांतून कोल्शित्स्की नावाच्या माणसाने तिथलं पहिलं कॉफीघर काढल्याचं असेल, तर तिथे 'दंतकथा' हा शब्द घाला. कॉफी विकायचा परवाना १६८५ साली मिळाला तो योहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याला. पुतळा मात्र कोल्शित्स्कीचा!

—

पटलं. 'आइनश्पेनर'च ठेवते, पहिल्या उल्लेखाला एक्का जोडून. 'हेर ओबर'चं काय? वेटरला तशी हाक मारतात.

—

'ओबरकेल्नर', म्हणजे मुख्य वेटर, त्याचं आखूड रूप. वर 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावलाय, तेव्हा 'ए भाऊ' चालणार नाही. 'रावसाहेब'च्या जवळ जातं. काळ्या कोटातली ती ऐट पाहिली की पटेल.

—

शेवटचं. कॉफीबरोबर छोट्या तबकात पाण्याचा पेला येतो आणि पेल्याच्या तोंडावर आडवा चमचा, पोट वर करून. मी 'उपडा चमचा' लिहिलंय.

—

उपडी वाटी. चमचा पालथा.