मुलांच्या हवामान-कामाला कंपन्यांचा पैसा: घ्यावा का, आणि कुणाच्या अटीवर?

पळसफूल

गेली नऊ वर्षं मी पुण्यात एका बालहक्क संस्थेत कंपन्यांकडून निधी उभा करण्याचं काम करते. सध्या आमच्याकडे ज्या विषयावर वाद चालू आहे तो इथे मांडते, कारण आमच्या कार्यालयाबाहेरच्या लोकांचं मत मला हवं आहे.

कोळशावर वीजनिर्मिती करणाऱ्या एका कंपनीनं बीड आणि लातूरमधल्या चाळीस जिल्हा परिषद शाळांच्या पत्र्यांना उष्णता परतवणारा पांढरा लेप आणि पावसाचं पाणी साठवायला टाक्या द्यायची तयारी दाखवली आहे. अटी तीन. काम मार्चअखेर संपवायचं, फाटकावर कंपनीची पाटी लावायची आणि मुलांचे फोटो द्यायचे. निम्मे सहकारी म्हणतात, सरळ नकार द्या. माझं म्हणणं, पैसा घ्यावा, पण अटी आपण लिहाव्यात. कंपनी विचारते आणि आपण हो म्हणतो, ही सवय मोडली पाहिजे. कुठल्या शाळा, कुठलं काम, किती वर्षं, ही यादी घेऊन आपणच कंपनीच्या दारात जायला हवं.

एवढा आग्रह का? युनिसेफनं २०२१ साली मुलांना असलेल्या हवामान-धोक्याचा निर्देशांक काढला. त्यात १६३ देशांत भारत २६ व्या क्रमांकावर होता. २०२३ मधल्या एका अहवालानुसार मोठ्या आंतरराष्ट्रीय हवामान निधींतला जेमतेम २.४ टक्के पैसा मुलांच्या गरजा धरून आखलेल्या कामांना गेला. मूल मोठ्यापेक्षा लवकर तापतं आणि तहान लागली तरी बाई हो म्हणेपर्यंत वर्गात बसून राहतं. तरी पैसा वाटताना त्याचा वेगळा विचार जवळपास होतच नाही. आपल्या देशात कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचा आकडा २०२२-२३ साली ३० हजार कोटींच्या आसपास होता. त्याकडे पाठ फिरवून चालेल असं मला वाटत नाही.

वर्धाकाठ

ताई, माझा विरोध आहे आणि तो स्पष्ट लिहितो.

मी चंद्रपूरचा. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, त्यात आमचं गाव अगदी वर होतं. माझी दोन्ही मुलं इथेच वाढली. सकाळी गच्चीवरची काळी भुकटी झाडायची आणि मग कपडे वाळत घालायचे, हे त्यांना जगातली सगळीकडची रीत वाटायची. आता कोळसा जाळणारी कंपनी पत्र्याला पांढरा रंग देणार, आणि तिच्या वार्षिक अहवालात हसऱ्या मुलांचं पान छापलं जाणार. त्या पानाचा उपयोग काय होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्रकल्पाला परवानगी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जी जनसुनावणी होते, तिथे पुढच्या वेळी तेच पान दाखवलं जातं.

युनिसेफसारख्या संस्था तंबाखू आणि शस्त्रं बनवणाऱ्यांचा पैसा घेत नाहीत. सिगारेटवाल्याच्या पैशानं फुप्फुसांचा दवाखाना बांधू नये, हे जगाला पटलं आहे. मग कोळशाला वेगळा न्याय कशासाठी? तुम्ही अटी कितीही चांगल्या लिहा, पैसा कुठून आला हे त्यानं बदलत नाही.

हिशेबी

मी सीए आहे, कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक खर्चाचं काम बघतो. चर्चेत भावना आहे ते योग्यच, पण कायदा काय म्हणतो ते आधी समोर ठेवू, कारण ताईंच्या तीनपैकी दोन अटींना कायद्यातच उत्तर आहे.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असलं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. म्हणजे हे कुणी उपकार करत नाही, आणि मागणाऱ्यानं खाली मान घालायचं कारण नाही.

मार्चअखेरची घाई ही कंपनीची सोय आहे. काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलं, तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं ते चालवता येतं. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची असते, एवढंच. तेव्हा लेप पुन्हा मारणं आणि टाक्यांची दुरुस्ती हे सगळं पहिल्या दिवशीच करारात घालता येतं. बहुतेक संस्था ते मागतच नाहीत.

पाटीचं म्हणाल तर आपल्या मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून दिलेलं प्रायोजकत्व २०२१ च्या नियमांत सीएसआर धरलंच जात नाही. 'यांच्या सहकार्याने' अशी साधी ओळ चालते. शिवाय सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. टाकी सार्वजनिक यंत्रणेच्या, म्हणजे इथे जिल्हा परिषदेच्या, मालकीची करता येते. ते कागदावर आणा.

आणखी एक गोष्ट, कारण यात संस्थांचं फार नुकसान होतं. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यासाठी संस्थेनं नेमलेल्या माणसांचे पगार त्यात येत नाहीत. तरी कंपन्यांचे अधिकारी संस्थांना '५ टक्क्यांत बसवा' सांगतात, आणि संस्था घाबरून बसवतात.

फडावरची शाळा

मी बीडच्या आष्टी तालुक्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक. वरचं सगळं दोनदा वाचलं.

आमच्या शाळेला पाच वर्षांपूर्वी एका कंपनीनं पाण्याचा फिल्टर दिला. उद्घाटनाला चार गाड्या आल्या होत्या. दुसऱ्या उन्हाळ्यात मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला पडदा, गेलं. फोन केला तर ज्या साहेबांनी फीत कापली त्यांची बदली झालेली, आणि संस्थेचा त्या कंपनीशी करार संपलेला. मेंब्रेनला पैसे द्यायला शाळेकडे तसा खर्चाचा मथळाच नाही. त्यात वीजबिल थकल्यामुळे मीटर काढून नेलं. आज त्या फिल्टरवर आम्ही खडूचे खोके ठेवतो. पाटी मात्र अजून चकाकते.

तरीही वर्धाकाठ सर, मी तुमच्या बाजूनं हात वर करू शकत नाही. मार्चमध्ये दुपारी एकनंतर आमचा तिसरी-चौथीचा वर्ग पत्र्याखाली बसू शकत नाही. लिंबाखाली बसवतो. सकाळची शाळा सुरू झाली की थोडं सुसह्य होतं, पण साडेअकराला सुटलेली पोरं दोन-अडीच किलोमीटर वस्तीवर चालत जातात, आणि घरी गेल्यावर पहिलं काम पाणी आणण्याचं. २०१६ च्या दुष्काळात, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच एप्रिलमध्ये आमच्या बीड जिल्ह्यात बारा वर्षांची एक मुलगी हातपंपावर पाणी भरताना उन्हानं गेली. त्या वर्षापासून हजेरी घेताना माझी नजर आधी पोरांच्या ओठांकडे जाते, सुकलेत का ते बघायला.

मला पैशाचा रंग बघायला वेळ नाही. पण फिल्टरसारखं पुन्हा होणार असेल तर नको. त्यापेक्षा लिंब बरा.

वर्धाकाठ

गुरुजी, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. तुमच्याशी वाद घालायचा नाहीच. माझा वाद आहे तो तुमच्या शाळेवर पत्रा कुणी ठेवला याच्याशी. शाळेची इमारत, पाणी, वीज ही सरकारची जबाबदारी आहे. शिक्षण हक्क कायद्याला २००९ पासून इतकी वर्षं झाली. कंपनीनं रंग मारला की तुमची शाळा 'सुविधा उपलब्ध' या रकान्यात जाते आणि नव्या खोलीच्या प्रस्तावातून नाव उडतं. हे मी आमच्या तालुक्यात एका शाळेबाबत डोळ्यांनी पाहिलं आहे. चार वर्षांनी लेप उडेल, करार संपेल, खोली मात्र मंजूर झालेली नसेल.

आणि हिशेबी सर, कारखान्यांच्या जवळपासच्या भागाला प्राधान्य द्या असं तोच कायदा सांगतो ना? म्हणून पैसा मुंबई-पुण्याच्या आसपास फिरतो. आष्टी-पाटोद्याला कुठला कारखाना आहे?

हिशेबी

प्राधान्य द्या म्हटलं आहे, सक्ती नाही. पण प्रत्यक्षात तुम्ही म्हणता तसंच घडतं, हे मान्य.

नाना सातारकर

वय ७४. निवृत्त मुख्याध्यापक.

दानाच्या पैशाला अट किती लावू द्यायची, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. १९२० साली गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. कर्व्यांनी ते स्वीकारलं आणि लाखो मुली शिकल्या. त्याच्या उलट आमच्या साताऱ्यात अजून सांगतात, की छत्रपती शिवाजी कॉलेजचं नाव बदललंत तर मोठी रक्कम देतो असं एका धनिकानं म्हटल्यावर कर्मवीर भाऊरावांनी त्याला परत पाठवलं. दोघेही पैशासाठी दारोदार फिरलेले. कर्व्यांनी नाव दिलं, पण शिकवायचं काय आणि कुणाला ते दिलं नाही. भाऊरावांनी नावही दिलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते नाव हेच काम होतं. मला वाटतं पळसफूल यांनी तेवढंच ठरवावं, की आपल्या कामात न देण्याजोगं काय आहे.

माझ्या मते ते मुलांचे फोटो. पाटी लावू द्या हवी तर. उन्हानं कोमेजलेल्या पोराचा चेहरा कुणाच्या अहवालासाठी देऊ नका.

आणि कंपन्यांच्या जोडीला लोकवर्गणीचाही विचार करा. माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंडानं १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा केला होता. आम्ही शाळेत युनिसेफची शुभेच्छापत्रं विकायचो. त्यांचं पहिलं कार्ड १९४९ सालचं, चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीच्या चित्राचं. पोरं घरोघर जायची, आणि घेणाऱ्याला दोन वाक्यांत हे पैसे कुठे जातात ते सांगायची. त्या पैशाबद्दल कुणाला संशय घ्यावा लागला नाही.

कोकणकडा

नाना, आदर ठेवून सांगतो, वर्गणीनं चाळीस शाळांच्या टाक्या होणार नाहीत. झाल्या तरी वर्गणी द्यायची कुणी? ज्या गावाला पाणी नाही त्याच गावानं? दुष्काळी गावांकडून श्रमदान घ्यायचं, पोरांकडून खाऊचे पैसे घ्यायचे, आणि नफा कमावणाऱ्यांना कोळशाच्या भीतीनं मोकळं सोडायचं, हे मला उलटं वाटतं. त्यांच्याकडून घ्याच, आणि दोन टक्क्यांपेक्षा जास्त घ्या.

पळसफूल

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री कंपनीला पाठवायचं पत्र पुन्हा लिहिलं, त्यात काय बदललं ते सांगते.

मुलांचे फोटो नाहीत, यावर चर्चाही नाही. नाना, हे मी इतकी वर्षं 'शक्यतो टाळा' असं लिहीत होते. आता 'मिळणार नाहीत' असं लिहिलं आहे. सुरुवातीचं वर्ष आणि पुढची तीन वर्षं असा चालू प्रकल्प, दुरुस्तीची रक्कम पहिल्याच हप्त्यात वेगळी काढलेली, आणि दुरुस्तीसाठी नेमलेल्या माणसाचा पगार प्रकल्पखर्चात. टाक्या जिल्हा परिषदेच्या मालकीच्या. जिल्हा परिषदेकडूनही पत्र मागितलं आहे, की या कामामुळे कुठल्याही शाळेचं नाव नव्या खोलीच्या प्रस्तावातून वगळलं जाणार नाही. ते पत्र हाती येईपर्यंत आम्ही करारावर सही करणार नाही. वर्धाकाठ, हा मुद्दा तुमच्यामुळे आला, माझ्या लक्षात आला नव्हता. या कामाचा उल्लेख कंपनीनं कुठल्याही जनसुनावणीत किंवा पर्यावरण परवानगीच्या अर्जात करायचा नाही, हे कलमही घातलं आहे. कंपनी याला नकार देईल अशी शक्यता मोठी आहे. दिला तर मी तो पैसा सोडेन आणि हीच यादी घेऊन दुसऱ्या दारी जाईन.

कोळशाबद्दल तुमचं पूर्ण समाधान झालं नाही, हे मला कळतं. माझंही झालेलं नाही.

गुरुजी, शाळांची यादी आम्ही पुण्यात बसून करणार नाही, शाळा व्यवस्थापन समित्यांना विचारून करू. जानेवारीत बैठका ठेवल्या तर चालेल का?

फडावरची शाळा

जानेवारीत नको ताई. समितीत निम्म्या बायका असतात आणि आमच्याकडे त्यातल्या बहुतेक ऊसतोडीला जातात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली की दसरा-दिवाळीला कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात, ते मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाहीत. जानेवारीत याल तर तुम्हाला सरपंच भेटतील, मी भेटेन. पाणी कुठून आणावं लागतं, टाकी कुठे हवी, हे ज्यांना माहीत आहे त्या उसाच्या फडावर असतील. सप्टेंबरात या. पोळा झाल्यावर लगेच.