चेनसॉचा पिस्टन जाम झाला की चूक दरवेळी गिऱ्हाइकाचीच?

सुपारीवाला: भावाच्या चेनसॉचा पिस्टन वॉरंटीतच जाम झाला. सर्व्हिस सेंटरने सायलेन्सर काढून आत पाहिलं, ओरखडे दिसले आणि निकाल दिला, "पेट्रोलमध्ये ऑइल कमी होतं, वॉरंटी बसत नाही." टाकीतलं पेट्रोल तपासलं नाही, लेखी काही दिलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, वॉरंटी नाकारणाऱ्यानेच कारण सिद्ध करावं.

फिटरकाका: राग समजतो, पण पटत नाही. 50:1 म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये 20 मिली टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळायचं. लोक झाकणाने अंदाजे ओततात. काहींना वाटतं चेन ऑइलची टाकी भरली की झालं. ते ऑइल फक्त बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) आणि चेनला जातं, पिस्टनला त्याचा थेंबही मिळत नाही. नुसत्या पेट्रोलवर हे इंजिन काही मिनिटांत जाम होतं. त्याचे पैसे कंपनीने का भरावेत?

सुपारीवाला: काका, ओरखडे कुठल्या बाजूला आहेत ते बघायला नको? एक्झॉस्टची बाजू सगळ्यात जास्त तापते, म्हणून घासायला तिथूनच सुरुवात होते. पण त्याला ऑइल कमी असणं हे एकच कारण नाही. क्रँकशाफ्टचं सील गळकं असेल किंवा कार्ब्युरेटरमागच्या रबरी बूटला चीर असेल, तर बाहेरची हवा आत शिरते. मग पेट्रोल कमी पडतं, त्यातून येणारं ऑइलही कमी पडतं आणि उष्णता वाढते. पिस्टन दिसायला जवळपास तसाच. हा फरक प्रेशर-व्हॅक्युम टेस्टने, म्हणजे इंजिनात हवा दाबून आणि ओढून गळती बघितल्यावर कळतो, सायलेन्सरच्या भोकातून नाही. इनटेकच्या, म्हणजे हवा आत येते त्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) राखाडी होऊन झिजला असेल तर धूळ गेली, फिल्टर सांभाळला नाही. तिथे चूक गिऱ्हाइकाची, मी वाद घालणार नाही.

घाटावरचा: आणि ई20चं काय? अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं म्हणून लिहिलेलं असतं, आणि आपल्या पंपावर 20 टक्क्यांचं मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणजे त्याच सेटिंगवर पेट्रोल कमी पडल्यासारखं होऊन इंजिन आणखी गरम चालतं.

दुकानदार_सातारा: पंपावर काय मिळावं हे कंपनी ठरवत नाही. पुस्तिका वाचून घ्यायची जबाबदारी ग्राहकाची.

घाटावरचा: भाऊ, मशीन इथे विकता ना? मग इथल्या पेट्रोलवर चालेल असंच द्या, नाहीतर बिल करतानाच तोंडावर सांगा.

वकीलताई: ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 38. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर जिल्हा आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत 2 वर्षं. "व्यावसायिक वापर" म्हणून हरकत येईल; पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी मशीन घेतलं असेल तर कायदा ग्राहकच मानतो. नकार लेखी मागा आणि जुना पिस्टन दुकानात सोडून येऊ नका.

फिटरकाका: टेस्टची मजुरी कोण देणार?

सुपारीवाला: मी आगाऊ भरतो. सील गळकं निघालं तर परत करा.

फिटरकाका: हे चालेल. पण टाकी रिकामी करून मशीन आणलंत, तर ऑइलचीच चूक धरणार. नमुनाच नसेल तर मी तपासू काय?