रोम कोणामुळे पडले? ख्रिस्ती धर्म, साम्राज्याचा अस्त आणि युरोपची घडण

नदीकाठ (धागाकर्ता)

पश्चिम रोमन साम्राज्याच्या अस्ताचा विषय निघाला की एक मत हटकून पुढे येते: ख्रिस्ती धर्माने रोमनांना मवाळ केले, लढणाऱ्यांना परलोकाच्या चिंतेत गुंतवले आणि साम्राज्य आतून पोखरले. इंग्रज इतिहासकार गिबनने अठराव्या शतकात हे मत मोठ्या ताकदीने मांडले असले तरी ते त्याहून फार जुने आहे. ४१० च्या ऑगस्टमध्ये अलारिक या राजाच्या गॉथांनी, म्हणजे एका जर्मन टोळीने, तीन दिवस रोम लुटले, तेव्हा जुन्या देवतांचे उपासक हेच म्हणत होते, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने बावीस भागांचा ग्रंथ लिहायला घेतला.

मला हे मत पटत नाही. चर्चने राज्य मोडले नाही. राज्य मोडत असताना त्याची कामे ज्याच्या अंगावर येऊन पडली ते चर्च होते, आणि युरोपचा पुढचा आकार त्यातून ठरला, असे मी मानतो. त्यासाठी मी रोम शहराकडे न पाहता डॅन्यूबच्या काठावरील नॉरिकम प्रांताकडे, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियाकडे आणि त्याला लागून असलेल्या बव्हेरियाच्या सीमेकडे पाहतो. तेथे हूणांचा राजा अटिला याच्या मृत्यूनंतरच्या गोंधळात सेवेरिनुस नावाचा एक संन्यासी आला. युजिपियस या त्याच्या अनुयायाने ५११ मध्ये त्याचे चरित्र लिहिले, आणि त्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. साम्राज्य असेपर्यंत गावोगावच्या तटांवरील शिबंदीला सरकारी तिजोरीतून पगार मिळे. तो थांबला तशा पलटणी विरत गेल्या आणि तटही ओस पडले. बटाविस, म्हणजे आजचे पासाऊ, येथील तुकडी मात्र टिकून होती. तिच्यातील काही जण सोबत्यांचा शेवटचा पगार आणायला इटलीकडे निघाले आणि वाटेतच मारले गेले. गावात कोणाला पत्ता नव्हता. सेवेरिनुस आपल्या खोलीत वाचत बसला होता. त्याने एकाएकी पुस्तक मिटले, त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने जवळच्या माणसांना नदीकडे धाडले. शिपायांची प्रेते प्रवाहाने काठाला आणून लावली होती.

यातला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी पगाराची वाट पाहणारी ती शिबंदी खरी वाटते. पुढे त्याच प्रदेशात गरिबांसाठी पिकाचा आणि कपड्यांचा दशांश गोळा करण्याची व्यवस्था सेवेरिनुसने बसवली, आणि ते कपडे भर हिवाळ्यात बर्फाने भरलेल्या डोंगरवाटांनी माणसांच्या पाठीवरून आले. सरकारचा पगार तो डोंगर ओलांडू शकला नाही, दशांश मात्र ओलांडू शकला.

तटबंदी

मांडणी सुरेख आहे, पण मी असहमत आहे. आपण ज्या चरित्राचा आधार घेतला त्याच चरित्रात आणखी एक माणूस भेटतो. डॅन्यूबकाठच्या फावियानिस गावाच्या वेशीवरून लुटारूंनी माणसे आणि गुरे पळवली, तेव्हा सेवेरिनुसने तेथील लष्करी अधिकारी मामेर्टिनुस याला विचारले की पाठलागासाठी तुझ्याकडे शिपाई आहेत का. फार थोडे आहेत, असे तो म्हणाला. तरीही गेला आणि जिंकून आला. हाच मामेर्टिनुस पुढे बिशप झाला, असे युजिपियस सहज लिहून जातो. तट राखू शकणारा माणूस अखेर वेदीजवळ गेला, याचा आपण विचार केला आहे काय?

तो एकटाच नव्हता. अँब्रोज हा मिलान येथे बसून कारभार पाहणारा प्रांताधिकारी होता. ३७४ मध्ये लोकांनी त्याला बिशप केले तेव्हा त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. सिडोनियस अपोलिनारिस ४६८ मध्ये रोम शहराचा मुख्य अधिकारी होता आणि दोन-तीन वर्षांत तो गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, क्लेर्मोंचा बिशप झाला. जी घराणी पिढ्यान्‌पिढ्या साम्राज्याला अधिकारी पुरवीत होती, त्यांची कर्ती माणसे चर्चकडे वळली. पैशाचेही तेच झाले. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१३ मध्ये धर्मगुरूंना नगरसभेच्या सक्तीच्या जबाबदाऱ्यांतून मोकळे केले, आणि करवसुलीचा भार वाहणारे नगरसभेचे सभासद त्या सवलतीकडे असे धावले की खुद्द त्यालाच पुढे श्रीमंतांना धर्मगुरू होण्यास मनाई करावी लागली. सम्राट व्हॅलेंटिनियन तिसरा ४५२ मध्ये पुन्हा तशीच बंदी घालतो. शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही तोच कायदा करावा लागतो, याचा अर्थ गळती थांबली नव्हती. चर्चने ओझे उचलले हे खरे असेलही, पण ते उचलणारे खांदे त्याने राज्याकडूनच काढून घेतले होते.

वसईकर

एक लहानशी भर. आमच्याकडे बिशपच्या अधिकारक्षेत्राला धर्मप्रांत म्हणतात. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये स्वतंत्र झाला. त्यासाठीचा डायोसीज हा युरोपीय शब्द डायोक्लेशनच्या प्रशासनातून आला आहे, आणि डायोक्लेशन हा तर ख्रिस्ती लोकांचा कट्टर छळ करणारा सम्राट होता. त्याच्या कारभारातील शब्द त्याच लोकांनी सतराशे वर्षे जपून ठेवावा, याचे मला फार नवल वाटते.

नदीकाठ

वसईकर, आभार. शब्द तोच असला तरी आकार बदलला, एवढे जोडतो. डायोक्लेशनच्या डायोसीजमध्ये अनेक प्रांत येत, तर बिशपचा अधिकार साधारणपणे एक शहर आणि त्याच्या भोवतालच्या मुलखापुरता असे. साम्राज्याची मोठी चौकट गेली आणि शहराची चौकट उरली, हे त्यातून दिसते.

तटबंदी, मामेर्टिनुसचा दाखला बिनतोड आहे आणि तो माझ्या नजरेतून निसटला होता हे मान्य करतो. पण माणसे चर्चकडे गेली, हे कारण की परिणाम? सिडोनियस बिशप झाल्यावर त्याने व्हिसिगॉथांच्या, म्हणजे गॉलमध्ये स्थायिक झालेल्या गॉथांच्या, वेढ्यांत क्लेर्मोंचा धीर टिकवला, आणि ४७५ मध्ये ते शहर व्हिसिगॉथांना देऊन टाकले ते इटलीतील सम्राटाने. तेथे बिशप शहराला चिकटून राहिला आणि सम्राटाने ते सोडले. शिवाय ख्रिस्ती धर्मानेच साम्राज्य पडले असते तर पूर्वेचे, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचे, आधी पडायला हवे होते. संन्यासी मठ इजिप्तमध्ये सुरू झाले, ख्रिस्ती लोकसंख्या पूर्वेला अधिक दाट होती, धर्मवादही तिकडेच अधिक पेटले. आणि तेच साम्राज्य १४५३ पर्यंत उभे राहिले.

शेतसारा

आपण दोघेही तिजोरीपाशी येऊन परत फिरता. पश्चिमेचा कणा उत्तर आफ्रिका होती: रोमचे धान्य तिथून येई आणि सर्वांत खात्रीचा महसूलही तिथलाच. ४०६ च्या अखेरीस ऱ्हाईन ओलांडून आलेले व्हँडल हे जर्मन टोळीवाले गॉल आणि स्पेन तुडवून ४२९ मध्ये आफ्रिकेत उतरले. ऑगस्टिन ४३० मध्ये वारला तेव्हा त्याच्या हिप्पोला त्यांचाच वेढा होता. ४३९ मध्ये त्यांचा राजा गायसेरिक याने तिथले मुख्य शहर कार्थेज घेतले. त्या दिवसापासून पासाऊच्या शिपायांचा पगार बुडीत खात्यात जमा होता, मग इटलीत बिशप किती आणि सेनापती किती हा हिशेब गौण ठरतो. आफ्रिका परत मिळवण्यासाठी ४६८ मध्ये पूर्व आणि पश्चिम दोघांनी मिळून अवाढव्य आरमार पाठवले. गायसेरिकने पेटती जहाजे त्यावर सोडली, आरमाराचा मोठा भाग नष्ट झाला आणि मोहीम फसली. आठ वर्षांनी इटलीतील सेनानी ओडोएसरने पश्चिमेच्या शेवटच्या सम्राटाला पदावरून काढले. पूर्वेकडे इजिप्तचे धान्य आणि महसूल शाबूत राहिला, म्हणून ती वाचली.

जाता जाता एक गोष्ट सांगतो: अलारिकने ४०८ च्या वेढ्यात रोमकडून सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड काळी मिरी खंडणी म्हणून मागितली होती. ती मिरी आपल्या मलबार किनाऱ्याची. वेढ्यात सापडलेले ते शहर किती दूरच्या व्यापारावर जगत होते, हे मला त्या एका मागणीतून कळते.

तटबंदी

शेतसारा यांचा मुद्दा मान्य, आणि पूर्व का टिकली याचे उत्तरही त्यांनीच दिले: तिला इजिप्त होते. म्हणजे पूर्व टिकली एवढ्यावरून चर्चला निर्दोष ठरवता येत नाही.

आता धर्माच्या दुसऱ्या बाजूकडे पाहू. गॉथ आणि व्हँडल ख्रिस्तीच होते, पण एरियन पंथाचे, म्हणजे ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा नाही असे मानणारे. हे मत निकेयाच्या परिषदेने ३२५ मध्ये नाकारले होते, आणि परिषदेचा निर्णय मानणारे ते निकेयावादी. एकाच गावात दोन बिशप आणि दोन प्रार्थनामंदिरे, असे अनेक ठिकाणी झाले. आफ्रिकेत व्हँडल राजा हुनेरिकने निकेयावादी बिशपांना हद्दपार केले. राज्यकर्ते आणि प्रजा पिढ्यान्‌पिढ्या एकजीव झाल्या नाहीत त्याचे मोठे कारण हे होते. फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याने थेट निकेयावादी बाप्तिस्मा घेतला, त्यामुळे गॉलच्या रोमन बिशपांना तो आपला वाटला. स्पेनच्या व्हिसिगॉथांना तेथे पोहोचायला ५८९ उजाडले. धर्माने युरोप जोडला हे आपण सांगता, पण आधी त्याने तो फाडला होता, आणि ३८५ मध्ये ट्रियर येथे प्रिसिलियन या बिशपाला जादूटोण्याच्या आरोपाखाली मृत्युदंड झाला तेव्हा धर्ममताच्या भांडणात राजाची तलवार उपसण्याची वाटही त्याच काळात पडली. तूरचा मार्टिन त्या शिक्षेच्या विरोधात उभा राहिला याबद्दल मला त्याचा आदर वाटतो, पण त्याचे ऐकले गेले नाही.

नदीकाठ

प्रिसिलियनच्या बाबतीत मी कसलाही बचाव करणार नाही. ती वाट पुढे फार लांब आणि फार रक्ताळलेली झाली. आफ्रिकेच्या महसुलाला मी पहिल्या लेखात स्थान द्यायला हवे होते, तेही खरे. चर्चने राज्याची माणसे ओढून घेतली, हे आता मी चौथ्या शतकापुरते मान्य करतो. पाचव्या शतकातील नॉरिकमपुरते मात्र नाही, कारण तेथे ओढून घेण्याजोगे राज्यच उरले नव्हते.

सेवेरिनुस ४८२ मध्ये वारला. सहा वर्षांनी, ४८८ मध्ये, डॅन्यूबकाठच्या रोमन रहिवाशांनी मुलूख सोडून इटलीत यावे असा हुकूम ओडोएसरकडून आला, आणि लोकांनी निघताना त्याचा देह थडग्यातून काढून गाडीत ठेवला. तो अखेर नेपल्सजवळ लुकुलानुम येथे विसावला. ओडोएसरने पदच्युत केलेल्या रोमुलुस ऑगस्टुलुस या मुलाला तनखा देऊन ठेवले होते ते ठिकाणही तेच. तेथे मठ उभा राहिला, युजिपियस त्याचा प्रमुख झाला, आणि पासाऊच्या शिबंदीची हकिगत त्याने तेथेच बसून लिहिली. त्या तुकडीचा शेवट आज आपल्याला कळतो तो या चरित्रातून.