प्रतिसाद: दोष बटाट्याच्या रोगाचा की कायद्याचा?
वर प्रश्न आलाय की १८४०च्या दशकातल्या दुष्काळात आयर्लंडमध्ये बटाटा रोगाने कुजला, त्यात इंग्रजांच्या कायद्याचा काय दोष? पीक रोगाने गेलं हे खरं. जमीन मात्र कायद्याने गेली. १८४७च्या गरीब-मदत कायद्यातल्या ‘ग्रेगरी कलमा’नुसार पाव एकराहून (म्हणजे आपले दहा गुंठे) जास्त जमीन असलेल्याला सरकारी मदत बंद. पोटाला हवं तर आधी जमीन सोडा! त्यात मेख अशी, की जमिनीचं वार्षिक मूल्यांकन ४ पौंड किंवा त्याहून कमी असलेल्या कुळांचा गरीब-मदत कर जमीनदाराच्याच बोकांडी. लहान कुळं हाकलली की कर वाचला. कूळ बाहेर पडताच छप्पर पाडायचे, पुन्हा येऊन राहायला नको म्हणून. कलम सुचवणारा ग्रेगरी स्वतः आयर्लंडमधल्याच गॉलवेच्या जमीनदार घराण्यातला. पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला.